सेनापतीच्या घशातले दुखणे

१८७९ च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट मुंबई बंदरात उतरले. दोन वेळा राष्ट्राध्यक्षपद भूषवून झाल्यावर ते पत्नी ज्युलिया यांच्यासह जगप्रवासाला निघाले होते. मुंबईत मलबार हिलच्या टोकाला असलेल्या गव्हर्नरच्या बंगल्यात त्यांचा मुक्काम झाला. तेव्हा ते ५६ वर्षांचे होते, प्रकृती धडधाकट होती आणि सिगार ही त्यांची ओळखच बनून गेली होती. त्यानंतर साडेसहा वर्षांच्या आत घशाच्या कर्करोगाने त्यांचा मृत्यू झाला.

त्या काळी कर्करोगाचे नाव चारचौघांत घेतले जात नसे. घरात कोणाला हा आजार झाला तर तो लपवला जाई. अशा काळात ग्रँट यांचे दुखणे रोज वर्तमानपत्रात छापून येत होते आणि सारा देश ते वाचत होता. घशाचा कर्करोग माणसाचे काय करतो हे अमेरिकेला पहिल्यांदा एवढ्या जवळून दिसले ते त्यांच्यामुळे. म्हणून डोके आणि मानेच्या कर्करोगांची, म्हणजे तोंड, जीभ, घसा आणि स्वरयंत्र यांच्या कर्करोगांची, अमेरिकेतली गोष्ट सांगायची तर ती ग्रँट यांच्यापासून सुरू करणे योग्य ठरते.

कातडी कमावणाऱ्याचा मुलगा

ग्रँट यांचा जन्म २७ एप्रिल १८२२ रोजी ओहायो राज्यातल्या पॉइंट प्लेझंट या लहानशा गावी झाला. वडील कातडी कमावण्याचा धंदा करत. मुलाला त्या धंद्याचा मनापासून तिटकारा होता; त्याचा जीव घोड्यांत रमे. वडिलांनी त्याला वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत धाडले. तिथे नावनोंदणीत चूक झाली आणि हायरम युलिसिस ग्रँटचा युलिसिस एस. ग्रँट झाला. तेच नाव पुढे कायम राहिले.

मेक्सिकोच्या युद्धात त्यांनी चांगली कामगिरी केली, पण १८५४ मध्ये लष्कर सोडले आणि पुढची सहा-सात वर्षे फार हलाखीत काढली. शेती केली, ती साधली नाही. सेंट लुईसच्या रस्त्यावर जळाऊ लाकूड विकले. शेवटी इलिनॉय राज्यातल्या गलीना गावी वडिलांच्या चामड्याच्या दुकानात भावांबरोबर काम धरले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले तेव्हा ३९ व्या वर्षाला लागलेला हा माणूस जवळपास अयशस्वी ठरलेला होता. चार वर्षांनी तोच उत्तरेच्या सर्व सैन्याचा सरसेनापती होता आणि ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली यांनी त्याच्यापुढे शस्त्रे खाली ठेवली.

सिगार त्यांच्या आयुष्यात जोरात शिरली ती याच युद्धात. त्याआधी ते कधीमधी पाइप वा सिगार ओढत. फेब्रुवारी १८६२ मध्ये डोनेल्सन किल्ल्याच्या लढाईच्या वेळी एका जखमी नौदल अधिकाऱ्याने त्यांना सिगार दिली. ती हातात घेऊनच ते रणांगणावर फिरले. किल्ला पडला, उत्तरेला युद्धातला पहिला मोठा विजय मिळाला आणि सिगार घेतलेल्या सेनापतीचे वर्णन वर्तमानपत्रांत झळकले. मग काय, कौतुकाने भारावलेल्या लोकांनी देशभरातून त्यांच्याकडे सिगारींच्या पेट्या पाठवायला सुरुवात केली. त्यांची संख्या हजारांत गेली. एवढ्या सिगारी वाटून संपेनात तेव्हा ते स्वतःच ओढू लागले. लढाईच्या एखाद्या दिवशी त्यांनी वीसेक सिगारी संपवल्याच्या आठवणी त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहून ठेवल्या आहेत. लोकांनी प्रेमाने पाठवलेली ती भेट पुढे वीस-बावीस वर्षे त्यांच्या तोंडातून गेली नाही.

एक गोष्ट इथे लक्षात घेतली पाहिजे. अनेकांचा आजही असा समज असतो की सिगारचा धूर छातीत ओढत नाहीत, त्यामुळे ती सिगारेटइतकी घातक नाही. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो. त्यामुळे त्यातले निकोटिन तोंडाच्या आतल्या पातळ अस्तरातूनच रक्तात शिरते. फुप्फुसापर्यंत जायची गरज पडत नाही. पण त्याबरोबर धुरातली कर्करोगजनक द्रव्येही तोंडात आणि घशात घोळत राहतात. अशी वर्षे गेली की तिथल्या पेशींच्या जनुकांत बिघाड साठत जातो आणि एखादी पेशी बेलगाम वाढू लागते. सोबत मद्य असेल तर धोका नुसता वाढत नाही, कैक पटींनी वाढतो.

पीचचा घास

राष्ट्राध्यक्षपद १८७७ मध्ये संपले. जगप्रवासाहून परतल्यावर ग्रँट न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झाले. मुलाने फर्डिनंड वॉर्ड नावाच्या तरुणाबरोबर वॉल स्ट्रीटवर पेढी काढली होती. ग्रँट यांनी आपली सारी पुंजी तिच्यात घातली. वॉर्ड एकाचे पैसे घेऊन दुसऱ्याला नफा म्हणून देत होता. मे १८८४ मध्ये पेढी बुडाली. बुडण्याच्या दोन दिवस आधी वॉर्डच्या सांगण्यावरून ग्रँट यांनी धनाढ्य विल्यम व्हँडरबिल्ट यांच्याकडून दीड लाख डॉलर उसने आणले होते, तेही गेले. ज्या माणसाने देश वाचवला असे लोक मानत, त्याच्या घरात आता शे-दोनशे डॉलर उरले होते. कर्ज फेडण्यासाठी त्यांनी युद्धातल्या तलवारी आणि मानचिन्हेही व्हँडरबिल्ट यांच्या हवाली केली.

त्याच उन्हाळ्यात, जूनच्या सुरुवातीला, न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर लाँग ब्रँच इथल्या घरी जेवताना त्यांनी पीच फळाचा घास घेतला आणि घशात अशी कळ उठली की ते जागेवरून उठून येरझाऱ्या घालू लागले. फळातला एखादा किडा चावला असावा असे त्यांना वाटले. पाण्याच्या गुळण्या केल्या, पण पाण्यानेही आग झाली.

शेजारी आलेले फिलाडेल्फियाचे नामांकित डॉक्टर जेकब दा कोस्टा यांनी काही दिवसांनी घसा तपासला, औषध लिहून दिले आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना लवकर दाखवा असे बजावले. नेहमीचे डॉक्टर फोर्डाइस बार्कर तेव्हा युरोपात होते. ग्रँट यांनी दुसऱ्या कोणाकडे जायचे मनावर घेतले नाही. डोक्यावर कर्ज होते, आणि सेंच्युरी मासिकाने युद्धाच्या आठवणींवर लेख मागितले होते. त्याचे पैसे मिळणार होते. घसा दुखत राहिला, ते लिहीत राहिले. जून गेला, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर गेले.

ऑक्टोबरच्या उत्तरार्धात ते डॉ. बार्कर यांच्याकडे गेले. त्यांनी लगेच घशाचे तज्ज्ञ डॉ. जॉन डग्लस यांच्याकडे पाठवले. डग्लस यांना जिभेच्या मुळाशी उजव्या बाजूला सूज दिसली, टाळूवर चामखिळीसारखे बारीक उंचवटे दिसले आणि मानेत त्याच बाजूची गाठ हाताला लागली. मानेत गाठ लागणे याचा अर्थ रोग मूळ जागेवरून जवळच्या लसिका ग्रंथींत पोचला होता. ग्रँट यांनी हा कर्करोग आहे का असे सरळ विचारले. डग्लस यांनी ते नाव घेतले नाही. आजार गंभीर आहे, कधीकधी बरा होतो, एवढेच सांगितले. ग्रँट यांना जे समजायचे ते समजले.

फेब्रुवारी १८८५ मध्ये घशातला लहानसा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यात आला. आज आपण ज्याला बायोप्सी म्हणतो ती तपासणी तेव्हा नवी होती. डॉ. जॉर्ज एलियट यांनी तुकडा तपासला आणि डॉ. जॉर्ज श्रॅडी यांनी निदानावर शिक्कामोर्तब केले. अस्तराच्या पेशींचा कर्करोग, आणि तोही पसरलेला.

तेव्हाचे वैद्यक काय करू शकत होते?

शस्त्रक्रियेचा विचार झाला. पण जिभेच्या मुळापर्यंत पोचायचे तर जबडा कापावा लागला असता, जिभेचा मोठा भाग आणि मऊ टाळू काढावी लागली असती. भूल देण्याची सोय होती, पण रक्त देण्याची सुरक्षित पद्धत नव्हती, जंतुसंसर्गावर प्रतिजैविके नव्हती. शस्त्रक्रियेतच रुग्ण दगावण्याचा धोका मोठा होता, आणि एवढे करूनही रोग परत आला असता. डॉक्टरांनी तो मार्ग सोडून दिला. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून दहा वर्षे होती, त्यामुळे किरणोपचाराचा प्रश्नच नव्हता. केमोथेरपी तर अर्ध्या शतकाहून अधिक दूर होती.

उरले ते वेदना कमी करणे. १८८४ च्या सप्टेंबरमध्येच व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी कोकेनच्या द्रावणाने डोळा बधिर करता येतो हे दाखवले होते. महिन्या-दोन महिन्यांत हा उपाय न्यूयॉर्कला पोचला आणि डग्लस ग्रँट यांच्या घशाला ते द्रावण लावू लागले. त्याने थोडा वेळ गिळता येई. जखम आयोडोफॉर्मने स्वच्छ केली जाई. झोपेसाठी मॉर्फिन होते, पण त्याने डोके जड होते आणि लिहिता येत नाही म्हणून ग्रँट ते कमीत कमी घेत. नोव्हेंबरमध्ये त्यांनी सिगार सोडली, पण तोवर फार उशीर झाला होता. आडवे झाले की श्वास कोंडे, म्हणून समोरासमोर दोन खुर्च्या ठेवून ते अर्धवट बसूनच रात्र काढत.

१ मार्च १८८५ रोजी निदानाची बातमी न्यूयॉर्क टाइम्समध्ये आली. त्यानंतर त्यांच्या घरासमोर बातमीदारांचा तळच पडला. आज किती घास गेले, किती तास झोप लागली, नाडी किती, असे सारे छापून येऊ लागले. मार्चच्या शेवटी तर ते जातात की काय अशी वेळ आली होती. पण ते त्यातून सावरले आणि पुन्हा लिहायला बसले.

लेखणीची घाई

कारण आता त्यांना एकच काम उरले होते. आपल्यामागे ज्युलिया कंगाल राहू नये. लेखक मार्क ट्वेन त्यांचे मित्र होते आणि त्यांनी नुकतीच प्रकाशन संस्था काढली होती. ग्रँट यांचे आत्मचरित्र दुसरीकडे अगदी किरकोळ मानधनावर जाणार आहे हे कळताच ट्वेन धावत आले आणि नफ्यातला ७० टक्के वाटा ग्रँट कुटुंबाला देण्याचा करार केला. फेब्रुवारीच्या अखेरीस सह्या झाल्या, म्हणजे निदान पक्के झाल्यानंतर. करार करणाऱ्या दोघांनाही वेळ किती थोडा आहे याची कल्पना होती.

ताकद असेल तेव्हा ते स्वतः लिहीत, नसेल तेव्हा लघुलेखकाला सांगत. पुढे आवाज गेला आणि सांगणेही संपले. १६ जून १८८५ रोजी त्यांना न्यूयॉर्कच्या उकाड्यातून साराटोगाजवळच्या माउंट मॅकग्रेगर या डोंगरावरच्या बंगलीत हलवले. तिथे ओसरीवर गळ्याभोवती शाल आणि डोक्यावर लोकरी टोपी घालून ते मांडीवर कागद ठेवून लिहीत बसत. डॉक्टरांशी, घरच्यांशी बोलणे चिठ्ठ्यांवर होई. त्या चिठ्ठ्यांतल्या कित्येक आज जपून ठेवल्या आहेत. आपल्या दुखण्याविषयी इतके नेमके लिहिणारे रुग्ण डॉक्टरांना क्वचितच भेटतात.

जुलैमध्ये त्यांना भेटायला सायमन बकनर आले. डोनेल्सनचा किल्ला १८६२ मध्ये ज्यांनी ग्रँट यांच्या स्वाधीन केला होता, तेच दक्षिणेचे सेनापती. वेस्ट पॉइंटपासूनची त्यांची ओळख होती. एक बोलत होता आणि दुसरा चिठ्ठीवर उत्तर लिहीत होता. ज्या लढाईने ग्रँट यांना कीर्ती दिली आणि सिगारीही दिल्या, तिच्यातले दोघे प्रतिस्पर्धी असे शेवटचे भेटले.

जुलैच्या मध्यावर हस्तलिखित हातावेगळे झाले. २३ जुलै १८८५ रोजी सकाळी ग्रँट गेले. वय ६३. न्यूयॉर्कच्या अंत्ययात्रेला दहा लाखांहून अधिक लोक लोटले आणि उत्तर-दक्षिण दोन्ही बाजूंच्या सेनापतींनी त्यांना शेवटचा निरोप दिला. बकनरही त्यांत होते. पुस्तकाचे दोन खंड १८८५-८६ मध्ये निघाले, घरोघरी फिरून विकले गेले आणि तीन लाखांहून अधिक संच खपले. ज्युलिया यांना चार लाखांहून अधिक डॉलर मिळाले.

एका मृत्यूपासून देशाच्या आलेखापर्यंत

ग्रँट यांच्या काळात अमेरिकेत असे किती मृत्यू होत होते याचा आलेख काढता येत नाही. मृत्यूंची दरवर्षीची नियमित राष्ट्रीय नोंद १९०० मध्ये मोजक्या राज्यांत सुरू झाली आणि ती सर्व राज्यांत पोचायला १९३३ उजाडले. दरम्यान तंबाखूचे रूप बदलले. १८८० च्या दशकात सिगारेट वळणारी यंत्रे आली आणि पाहता पाहता सिगारेटने सिगार आणि तंबाखूची चघळ यांना मागे टाकले. १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलचा धूम्रपानावरचा प्रसिद्ध अहवाल आला. तेव्हा त्या देशातले १०० पैकी सुमारे ४२ प्रौढ सिगारेट ओढत होते. २०२२ मध्ये हे प्रमाण १२ च्या आसपास होते.

याचा परिणाम मृत्यूंत दिसला, पण लगेच नाही. कर्करोग व्हायला वीस-तीस वर्षे लागतात, तसाच त्याचा धोका उतरायलाही वेळ लागतो. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून तोंड आणि घशाच्या कर्करोगाचा मृत्युदर घसरू लागला आणि तीन दशके घसरत राहिला. स्वरयंत्राच्या कर्करोगाचे मृत्यूही कमी झाले. कृष्णवर्णीय पुरुषांमध्ये हा दर एके काळी गोऱ्यांपेक्षा बराच जास्त होता. त्यांच्यातली घट सर्वांत ठळक आहे. उपचार सुधारले हे खरेच, पण या घसरणीचे मोठे श्रेय विझलेल्या सिगारेटींना जाते.

मग २००९ च्या सुमारास घसरण थांबली. तोंड आणि घशाच्या कर्करोगाचा मृत्युदर किंचित वर सरकू लागला. याचे एक मोठे कारण म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, अर्थात एचपीव्ही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा हाच विषाणू टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशीही कर्करोग घडवतो. म्हणजे ज्या जागी ग्रँट यांना रोग झाला, नेमकी तीच जागा. अमेरिकेत आज या भागातल्या सुमारे ७० टक्के कर्करोगांमागे एचपीव्ही असतो आणि त्याचे रुग्ण मुख्यतः मध्यमवयीन पुरुष आहेत. त्यांतले कित्येक कधी तंबाखूच्या वाटेला गेलेले नसतात. समाधानाची बाब अशी की हा कर्करोग उपचारांना अधिक चांगला प्रतिसाद देतो आणि विषाणूवर लस आहे. अमेरिकेत ती २००६ पासून मुलींना आणि २०११ पासून मुलग्यांनाही द्यावी अशी शिफारस आहे. आज लस घेतलेली मुले पन्नाशीत पोचतील तेव्हा त्या लसीचा पुरा हिशेब आलेखात दिसेल.

भारताचे चित्र वेगळे आहे. आपल्याकडे एचपीव्हीपेक्षा तंबाखू, गुटखा आणि सुपारी हे खरे गुन्हेगार आहेत, आणि पुरुषांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग तोंडाचाच आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार देशात त्या वर्षी ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४४ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ८० हजार जण दगावले. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. अमेरिकेचा अनुभव एवढेच सांगतो की तंबाखू खरोखर सुटली तर मृत्यू कमी होतात, पण त्यासाठी एका पिढीचा धीर धरावा लागतो.

साडेचार महिने

ग्रँट यांच्या कहाणीतला सर्वांत बोचरा भाग म्हणजे जून ते ऑक्टोबर हे साडेचार महिने. १८८४ मध्ये ते लगेच गेले असते तरी वाचले असतेच असे नाही. तेव्हाच्या वैद्यकाकडे फारसे काही नव्हते. आज मात्र ते खरे नाही. तोंड आणि घशाचा कर्करोग मूळ जागेवरच असताना सापडला तर अमेरिकेत पाच रुग्णांपैकी चारांहून अधिक जण पाच वर्षांनंतरही हयात असतात. दूरवर पसरल्यावर सापडला तर हे प्रमाण निम्म्याहून खाली येते. शस्त्रक्रिया, किरणोपचार, केमोथेरपी सारे हाताशी असताना आज रुग्णाचे नशीब बरेचसे ठरते ते पहिली तपासणी कधी झाली यावर.

म्हणून ही लक्षणे लक्षात ठेवावीत. तोंडातली न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, गिळताना दुखणे, एका बाजूच्या घशातून कानात जाणारी कळ, आवाजातला घोगरेपणा, तोंड पूर्वीसारखे न उघडणे, मानेत न दुखणारी गाठ. यांतले काहीही तीन आठवड्यांहून जास्त टिकले तर कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा दंतवैद्याला दाखवावे. बहुतेक वेळा काही साधेच निघते आणि मन निश्चिंत होते. नेहमीचे डॉक्टर गावाला गेले असतील तर दुसऱ्यांकडे जावे, पण वाट पाहत बसू नये. कामाची घाई असेल तरी ते काम थांबू शकते. ग्रँट यांना पुस्तक पुरे करायला वेळ मिळाला, पण तो किती यातना सोसून मिळाला हे त्यांच्या चिठ्ठ्यांत लिहिलेले आहे.